ऑल्डरकमच्या सहा पाद्र्यांची चूल

९ जानेवारी, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने नव्या वर्षाची डायरी पाठवली, पाकिटावर ह्यांचं नाव घालून. त्याच्या लेखी हे अजून चांगलं गिऱ्हाईक आहेत. परत पाठवणार होते, पण कागद जाड आहे आणि शाई फुटत नाही, म्हणून ठेवून घेतली. लिहिण्याजोगं काही घडत नव्हतं म्हणून आठ पानं कोरी गेली. आज घडलं.

ह्यांचा टॅब मी दर शुक्रवारी चार्जिंगला लावते. वापरत नाही. बंद पडलेला बघवत नाही, एवढंच. आज उघडला तर इंग्लंडहून मिस्टर थॉर्प यांचं पत्र. 'प्रिय मिस्टर वेलकर, बऱ्याच दिवसांत काही कळलं नाही. घरी सर्व ठीक असेल अशी आशा आहे. आमची पुस्तिका मार्चअखेर छापायला जाते. तुमच्या निकालाची वाट पाहत आहोत.'

म्हणजे तिकडे कोणी कळवलंच नाही. कोण कळवणार? मीच कळवायचं होतं. एकोणतीस ऑगस्टला हे गेले. त्यानंतर बँक, पेन्शन, गॅस, टेलिफोन, सगळीकडे कळवलं, सगळ्यांना दाखल्याची प्रत दिली. इंग्लंड राहून गेलं.

प्रकरण असं आहे. ह्यांनी चौतीस वर्षं ट्रस्टांची नोंदणी करणाऱ्या कचेरीत काढली. हे देऊळ खाजगी की सार्वजनिक, हा मठ की धर्मशाळा, असल्या फायली ह्यांच्या टेबलावरून जायच्या. निवृत्त झाल्यावर रद्दीवाल्याकडे ऑल्डरकम नावाच्या इंग्लंडमधल्या गावच्या चर्चवरचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात वाक्य होतं, 'या चर्चचा दर्जा नेमका काय होता, हे ठरलेलं नाही.' सहाशे वर्षं फाईल उघडीच आहे, हे ह्यांना सहन होईना. त्या गावच्या इतिहास मंडळाला पत्र घातलं, आणि तिथून पुढे अकरा वर्षं पत्रव्यवहार.

प्रश्न समजायला मला दोन वर्षं लागली, लिहायला चार ओळी पुरतील. त्या चर्चमध्ये एके काळी सहा पाद्री होते. मेलेल्या माणसांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करायची हे त्यांचं काम. आपल्याकडे वर्षातून एकदा श्राद्ध, तिकडे रोज. आता ते सहा जण मिळून एक मंडळ होतं, म्हणजे एक प्रमुख, एक घर, एक कारभार? की वेगवेगळ्या श्रीमंत घराण्यांनी नेमलेली सहा सुटी माणसं एका छपराखाली आपापली प्रार्थना उरकत होती? मंडळ असेल तर चर्चचा दर्जा मोठा. नसेल तर ते साधं गावचं चर्च.

उत्तर लिहायला बसले. 'माझे यजमान' एवढं इंग्रजीत टाईप केलं आणि पुढचा शब्द बोटातून उतरेना. अर्धा तास तशीच. मग पुसलं आणि लिहिलं, 'उशिराबद्दल क्षमस्व. काम चालू आहे. एस. वेलकर.' सुनंदा वेलकर म्हणजेही एस. वेलकरच. ह्यांच्या कचेरीत याहून वाईट कागद पास व्हायचे.

साऱ्या जगात ते एकच गाव उरलंय, जिथे हे अजून आहेत. तिथूनही लगेच उठवून आणणं जमलं नाही.

१० जानेवारी

ह्यांची फाईल काढली. हे प्रत्येक पत्र आधी वहीत हाताने लिहायचे, मग एका बोटाने टाईप करायचे. वही जुलैमध्ये संपते. पुढे हात थरथरायला लागला होता. टॅबमध्ये 'पाठवलेली' म्हणून एक कप्पा आहे. तो मी उघडत नाही. तिथे प्रत्येक पत्रावर तारीख आणि वेळ असते, आणि शेवटच्या तारखा मला पाठ आहेत.

फाईलच्या तळाशी निकाल सापडला. दोन पानं, सुवाच्य अक्षरात. 'सबब हे चर्च पाद्रीमंडळाचे होते.' मला हायसं वाटलं. त्याच्या खाली दुसरा निकाल होता. तोही दोन पानं, तेवढाच सुवाच्य. 'सबब हे चर्च पाद्रीमंडळाचे नव्हते.' दोन्हींवर सही नाही.

चाळीस वर्षं संसार केला. दुकानात उभे राहिले की हे हातात दोन शर्ट धरायचे आणि माझ्याकडे बघायचे. म्हणजे शेवटचंही माझ्यावरच.

१४ जानेवारी

यंदा आम्हाला सण नाही. तरी ललितावन्सं दादरहून आल्या. ह्यांची धाकटी बहीण. सहा महिन्यांत एकदा यायच्या त्या आता दर पंधरा दिवसांनी येतात, आणि मी रडते का ते बघतात. वालाचं बिरडं केलं होतं. त्या म्हणाल्या, छान झालंय. शेजारचे रघुवीरभाऊ वाटी घेऊन गेले, तेही म्हणाले, छान झालंय. मी नंतर जेवायला बसले तर मीठच नव्हतं.

हे गेल्यापासून माझ्या जेवणाला कोणी नावं ठेवत नाही. हे पहिल्याच घासाला सांगायचे. वाटीतून वर बघायचेही नाहीत.

१९ जानेवारी

वाचनालयातून इंग्लंडच्या जुन्या चर्चांवरचं एक पुस्तक आणलं. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज चार पानं होतात. त्यात लिहिलंय की पाद्रीमंडळाच्या चर्चमध्ये वेदीजवळ दोन्ही बाजूंना समोरासमोर लाकडी आसनं असत, प्रत्येकाची जागा ठरलेली. नुसतं वाचून डोळ्यांसमोर येईना, म्हणून गिरगावातल्याच एका चर्चमध्ये बघायला गेले. शिवणाची टेप पर्समध्ये होतीच.

दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं. मी वेदीपासून बाकांपर्यंत माप घेत होते, तेवढ्यात तिथली देखभाल करणारी बाई आली. काय हवंय, म्हणाली. मी म्हटलं, सहा पाद्री बसतील एवढी जागा आहे का ते बघतेय. तिने विचारलं, कुणाचं लग्न आहे का. मी म्हटलं, नाही, मेलेल्यांसाठी हवी आहे. तिने माझ्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं, मला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि बराच वेळ हात धरून बसली. फार चांगली बाई. निघताना एक पत्रक दिलं आणि माझं नाव, पत्ता लिहून घेतला. पुस्तक वाचायला देणार असेल असं समजून मी दिला.

फाटकातून बाहेर पडताना दुसऱ्या मजल्यावरच्या रमाबाई भेटल्या. मी पत्रक हलवून दाखवलं. त्या थांबल्या नाहीत.

२२ जानेवारी

सकाळी साडेआठला ललितावन्सं दारात. दादरहून टॅक्सी करून, म्हणजे प्रकरण गंभीर. मागे रघुवीरभाऊ, आमच्या बिल्डिंगच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून. विमा कंपनीतून निवृत्त झाले तेव्हापासून कुठल्याही दुःखद प्रसंगी ते पुढे असतात.

"वहिनी, दादाला जाऊन पाच महिने नाही झाले," वन्सं म्हणाल्या.

"अजून आठवडा आहे पाच व्हायला."

"मग एवढी घाई काय होती?"

मला काही समजेना. शेवटी रघुवीरभाऊंनी घसा साफ करून सांगितलं की मी धर्म बदलते आहे असं बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळलंय, सोसायटीची हरकत नाही, पण नेमप्लेट बदलायची असल्यास अर्ज लागेल.

मी दोघांना बसवून चहा दिला आणि सगळं सांगितलं. ऑल्डरकम, सहा पाद्री, दोन निकाल, मिस्टर थॉर्प, आणि मी त्यांना काय कळवलं नाही तेही. पाऊण तास लागला. वन्सं ऐकत होत्या. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "धर्म बदलला असतास तर निदान लोकांना सांगता आलं असतं."

पण जाताना जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, त्या थॉर्पला इतक्यात कळवू नकोस. राहू दे.

रघुवीरभाऊंचं मत वेगळं. उपविधी नाहीत, नोंदणी नाही, शिक्का नाही, तर मंडळ कसलं? मी म्हटलं, आपल्या बिल्डिंगची जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही, तरी तुम्ही सेक्रेटरी आहातच ना. ते चहा न संपवता गेले.

३० जानेवारी

मिस्टर थॉर्प यांनी एक कागद पाठवलाय. ह्यांनी तो गेल्या वर्षी मागितला होता आणि तिकडच्या दप्तरखान्यातून आत्ता मिळाला. सहाशे वर्षांपूर्वी बिशप तपासणीला आले होते. त्यांच्या कारकुनाने सहाही पाद्र्यांना एकेकटं बोलावून विचारलं की काही तक्रार आहे का. जे सांगितलं ते लॅटिनमध्ये लिहून घेतलं. थॉर्पसाहेबांनी त्याचं इंग्रजी करून दिलंय.

विल्यम म्हणतो, मासा शिळा असतो. जॉन म्हणतो, डोक्याकडचा तुकडा नेहमी विल्यमच आधी उचलतो. टॉमस म्हणतो, जॉन आपला कुत्रा जेवणघरात आणतो आणि तो त्याच्या, म्हणजे टॉमसच्या, पायावर बसतो. रिचर्ड म्हणतो, टॉमस न सांगता पाहुणे जेवायला आणतो, मग कालवण पातळ होतं. वॉल्टर हा सगळ्यांत वडील, कोठीच्या किल्ल्या त्याच्याकडे. तो म्हणतो, कोणी माझं ऐकत नाही. सहावा रॉबर्ट. त्याच्या नावापुढे एवढंच, 'म्हणतो, सर्व ठीक आहे.'

मी दोनदा वाचलं. मग पुन्हा एकदा, नुसतीच मजा म्हणून. हे असते तर म्हणाले असते, यात पुरावा काय आहे? सनद नाही, शिक्का नाही, नियमावली नाही. थॉर्पसाहेबांनीही तेच लिहिलंय. 'दुर्दैवाने यातून आपल्या प्रश्नावर काहीच उजेड पडत नाही.'

२ फेब्रुवारी

हा विल्यम मला आवडत नाही. रघुवीरभाऊसुद्धा पापलेटचं डोकं असंच उचलतात, आणि वर म्हणतात तुम्हाला आवडत नसेल ना. थॉर्पसाहेबांना तसं लिहिलं. रघुवीरभाऊंचं नाव घातलं नाही, 'एक परिचित' म्हटलं. पानभर झालं. ह्यांच्यासारखं लिहायचं म्हणून शेवटी दोन टिपा जोडल्या.

८ फेब्रुवारी

थॉर्पसाहेबांचा मला राग आलाय. लिहितात, 'अलीकडे तुमची पत्रं अधिक मुद्देसूद झाली आहेत, आणि वाचताना मी मोठ्याने हसतो.' म्हणजे अकरा वर्षं ह्यांनी जी पत्रं लिहिली ती काय बिनमुद्द्याची होती? मी लगेच कडक उत्तर पाठवलं की आधीच्या पत्रांत काही कमी नव्हतं.

संध्याकाळी माफी आली. 'मिस्टर वेलकर यांच्या जुन्या पत्रांचा अनादर करण्याचा हेतू नव्हता. ती आम्ही जपून ठेवली आहेत.' ज्याला लिहायचं त्यालाच 'मिस्टर वेलकर यांच्या' म्हणायचं, ही तिकडची रीत असावी. आदराची. हल्ली वर 'प्रिय मिस्टर वेलकर' पण नसतं, 'प्रिय स्नेही' असतं.

खाली आणखी लिहिलं होतं की एकट्या माणसाने जेवणाची आबाळ करू नये, मी स्वतः विधुर आहे म्हणून सांगतो, तुम्ही रविवारी काय करता. ह्यांना बायको आहे हे विसरले वाटतं. वय झालं असेल. मी कळवलं की पूर्वी रविवारी आमच्याकडे कोबी-कोलंबीचं भानोलं व्हायचं, खाली-वर आच देऊन भाजतात ते, पण एका माणसासाठी ते होत नाही. पाठवल्यावर लक्षात आलं की हे माणसं मोजणं चुकलं. त्यांच्या काही ध्यानात आलेलं दिसत नाही.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. साबुदाणा भिजवला होता, दाण्याचं कूट करत होते, आणि मोठ्या जाऊबाई आठवल्या.

आम्ही दोघी सात वर्षं एका स्वयंपाकघरात होतो. त्या सात वर्षांत माझ्या खिचडीला त्यांनी गोळा म्हटलं, आमटीला पाणी म्हटलं, आणि एकदा पाहुण्यांसमोर माझ्या पोळीची घडी उलगडून दाखवली. मग एके दिवशी त्यांनी गॅलरीत वेगळा गॅस लावला. घर तेच, दरवाजा तोच, न्हाणीघर तेच. पण चूल वेगळी झाली, आणि त्या दिवसापासून त्या जाईपर्यंत एकदाही माझ्या खिचडीला नाव ठेवलं नाही. वाटी दिली तर म्हणायच्या, छान झालीय गं. मला तेव्हा वाटायचं, बाई सुधारल्या.

बत्ता हातात तसाच राहिला.

शेजारच्याचा मासा शिळा असला तर आपण बिशपकडे जात नाही. डोक्याकडचा तुकडा दुसऱ्याने उचलला हे ताट एक असल्याशिवाय दिसत नाही. पाहुणा आला की कालवण पातळ होतं, ते एकाच पातेल्यातलं असेल तरच. सहा सुटी माणसं असती तर प्रत्येकाने आपापली भाकरी खाल्ली असती आणि बिशपना सांगितलं असतं, बाकीचे फार छान स्वयंपाक करतात.

ते एक घर होतं. सनद असो नसो. वॉल्टर घरचा कर्ता, किल्ल्या त्याच्या कमरेला, आणि कर्त्याचं कोणी ऐकत नाही हेही बरोबर आहे.

आणि रॉबर्ट. सहा जणांत एकटाच कसलीच तक्रार करत नाही. तो स्वयंपाक करत होता.

खिचडी करपली. तशीच खाल्ली. ह्यांना सांगायला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत आले, मग परत गेले.

२१ फेब्रुवारी

निकाल लिहून झालाय पण पाठवला नाही. ह्यांच्या नावाने माझ्या जाऊबाईंचा पुरावा कसा देऊ? ह्यांना चुलीतलं काही कळत नव्हतं. हे पाण्याला उकळी आली का म्हणून हाक मारायचे.

तेवढ्यात थॉर्पसाहेबांचं पत्र. सात मार्चला, शनिवारी, मंडळाची सभा आहे. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. व्हिडिओवर निकाल सगळ्यांना ऐकवावा, म्हणजे छापायच्या आधी प्रश्न विचारता येतील. 'तुम्हाला भेटायची सर्वांची फार इच्छा आहे.'

वन्संना फोन केला. त्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, दादाला त्यांनी कधी पाहिलंय का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग रघुवीर आहे की.

मला पटलं नाही. पण नाही म्हटलं तर खरं सांगावं लागेल, आणि सात मार्चनंतर ते गावही उरणार नाही. म्हणून हो म्हटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी असं म्हटलंच नव्हतं असं म्हणायचा मला मोह होईल.

१ मार्च

रघुवीरभाऊ तयारीला लागले. त्यांना इंग्रजी बोलायला आवडतं आणि आजवर संधी मिळाली नव्हती. माझा निकाल त्यांनी 'जरा व्यवस्थित' करून आणला. त्यात गणसंख्या, पोटसमिती आणि सर्वसाधारण सभा आली, चूल गेली. म्हणाले, वहिनी, इंग्रजांसमोर स्वयंपाकघर काढायचं म्हणजे आपलं हसं होईल. मी चूल पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा काढली. शेवटी चूल आणि पोटसमिती दोन्ही ठेवायचं ठरलं.

ह्यांचा कोट मागत होते. नाही दिला.

७ मार्च

सव्वासातला टॅब उशीवर उभा केला. रघुवीरभाऊ समोर टाय लावून, मी आणि वन्सं बाजूला दिसणार नाही अशा. पलीकडे चर्चची एक थंड दिसणारी खोली, वीसेक म्हातारी माणसं कोट घालूनच बसलेली, आणि पुढे मिस्टर थॉर्प. उंच, कान मोठे, स्वेटरची एक बाही उसवलेली.

रघुवीरभाऊंनी हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाले, मी शशिकांत वेलकर.

मी हे नाव मोठ्याने कधी घेत नाही. उखाण्यात घेतलं असेल, नाहीतर फॉर्मवर लिहिलं. आणि ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून, 'मी' म्हणून. अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. वन्संनी माझा हात पकडला, म्हणजे त्यांनाही झालं असावं.

रघुवीरभाऊ सनद, शिक्का, गणसंख्या करत पोटसमितीवर आले. चूल आलीच नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, जेवणाच्या तक्रारींचं काय? रघुवीरभाऊ हसले आणि म्हणाले, मॅडम, किचन हा लेडीजचा विषय, आपण महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ.

मी उठले आणि उशीसमोर जाऊन बसले. रघुवीरभाऊ अर्धे बाहेर गेले, टाय तेवढा दिसत राहिला.

मी म्हटलं, "हे रघुवीर, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माझे यजमान एकोणतीस ऑगस्टला गेले. पत्रं मी लिहिली. मी खोटं वागले, माफ करा."

माझं इंग्रजी पुस्तकातलं आहे, बोलायची सवय नाही. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. मग थॉर्पसाहेब पुढे वाकले.

"हो, मिसेस वेलकर," ते म्हणाले. "आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. आता कृपा करून स्वयंपाकघराचं सांगता का?"

मग मी सांगितलं. जाऊबाई, खिचडी, गॅलरीतला गॅस, सगळं. विल्यमला सोडला नाही. रॉबर्टपर्यंत आले तेव्हा त्या मागच्या रांगेतल्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझी नणंदही लग्न होऊन वेगळी राहायला गेली तेव्हापासून माझ्या पुडिंगची स्तुती करते. वन्संनी मला कोपर मारलं, ती काय म्हणते नणंदेबद्दल? मी म्हटलं, चांगलं म्हणतेय.

त्यांनी हात वर करून मत घेतलं. एक सोडून सगळे. कागदावर नाही, पण व्यवहारात ते पाद्रीमंडळच होतं, असं ठरलं. तो एक माणूस झोपला होता.

रघुवीरभाऊ जाताना म्हणाले, "गणसंख्या मात्र पुरी होती, वहिनी."

८ मार्च

'हो, मिसेस वेलकर.' रात्रभर हेच कानात. त्यांना धक्का कसा बसला नाही?

सकाळी त्यांचं पत्र आलं. एकच ओळ. 'तुम्ही त्यांचं अकरा ऑगस्टचं पत्र वाचलेलं नाही, असं मला काल जाणवलं, कृपया वाचा.'

अकरा ऑगस्ट सोमवार होता. ह्यांना दुपारी जरा बरं वाटलं होतं. टॅब मागितला होता. मी समजले, बातम्या बघताहेत. मी कुकर लावायला गेले.

तो कप्पा उघडला. माझ्या पत्रांच्या खाली, ह्यांच्या पत्रांत सगळ्यांत वर तेच होतं. इथे मराठीत उतरवून ठेवते.

'प्रिय मिस्टर थॉर्प, डॉक्टर काही म्हणत असले तरी मी हिशेबाने चालणारा माणूस आहे, आणि हे बहुधा माझं शेवटचं पत्र. मी दोन्ही निकाल लिहून ठेवले आहेत. कोणता पाठवायचा ते माझी पत्नी ठरवील. आमच्या घरी नेहमी तसंच होत आलं आहे. यापुढे माझ्या नावाने येणारी पत्रं नेमकी आणि थोडी खरमरीत वाटली, तर ती तिची समजावीत. तुम्हाला कळलं आहे हे तिला कळू देऊ नका. ती लिहायची थांबेल, आणि तिने थांबू नये. काही दिवस पत्र आलं नाही तर तुम्हीच एक लिहा. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी तिला हे सांगितलेलं नाही. आपला, शशिकांत वेलकर. ता.क. तिच्या हाताला मीठ जरा कमी आहे. बाकी सर्व ठीक आहे.'

सांगितलं नाहीत. कधीच सांगितलं नाहीत.

दुपारी काही केलं नाही. ते पत्र उघडंच ठेवून बसले होते. चार्जिंग संपत आलं तेव्हा उठले आणि लावलं. आज रविवार आहे तरी.

१७ मार्च

पुस्तिकेचा कच्चा छापा आला. निकालाखाली 'शशिकांत आणि सुनंदा वेलकर, गिरगाव'. खाली टीप, 'रॉबर्ट हा स्वयंपाकी असावा, हे अनुमान श्रीमती वेलकर यांचे.' थॉर्पसाहेबांनी विचारलंय की शशिकांत यांच्या नावाआधी 'कै.' सारखं काही छापायचं का. मी दिवसभर विचार केला आणि छापा म्हणून कळवलं.

त्याच दिवशी पोस्टात जाऊन आमच्या परभी लोकांच्या सांबार मसाल्याची पुडी त्यांना पाठवली, भानोल्याची कृती लिहून. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, पावडर कसली? मी म्हटलं, ऐतिहासिक संशोधन. तिने फोडून वास घेतला आणि शिक्का मारला.

५ एप्रिल, रविवार

सात महिन्यांनी भानोलं लावलं. एका माणसाचं होत नाही, म्हणून वन्सं आणि रघुवीरभाऊंना बोलावलं. कोलंबी स्वतः निवडली. वर-खाली नीट खरपूस झालं होतं, असं मला वाटलं.

वन्संनी पहिला घास घेतला आणि वर न बघता म्हणाल्या, "वहिनी, मीठ कमी आहे."

रघुवीरभाऊ म्हणाले, कडेला जरा करपलंय, आणि कोलंबी मोजून घातली आहे का. तेवढ्यात वन्संनी मधला तुकडा उचलला. यावरून दोघांचं जे जुंपलं ते ताटं उचलेपर्यंत. मी मीठ आणायला आत गेले आणि जरा वेळ आतच थांबले.

आठ वाजता थॉर्पसाहेबांचं पत्र आलं. आज त्यांचा ईस्टर. त्यांनी माझ्या कृतीने भानोलं केलं आणि मागच्या रांगेतल्या त्या बाईंना जेवायला बोलावलं. लिहितात, 'प्रिय मिसेस वेलकर, तळाला चिकटलं. तिखट फार आहे. कोबी किती ते तुम्ही नीट लिहिलेलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहोत.'

कोबीचं उद्या कळवते.